कपाळावरची उभी आठी

कुंकवाचा करंडा रिकामा झाला तरी त्याचा वास जात न्हाई. झाकण उघडलं की हळदीचा आन आमच्या हिच्या कनवटीच्या घामाचा वास येतो. हा करंडा म्याच घडवला, लग्नाच्या साली. झाकणावर मोर काढायला गेलो, झाली कोंबडी. ती शेवटपर्यंत त्याला कोंबडीचा करंडाच म्हणायची. कुणी पावणी आली की मुद्दाम काढून दाखवायची, "बघा वं, आमच्या कारागिरांचा मोर," आन पदर तोंडाला लावून हसायची.

ती गेल्यावर पोरीनं घर आवरलं. पातळं वाटली, गादी उन्हात टाकली, औषधं फेकली. म्या करंडा तेवढा उचलून खिशात टाकला. तिनं भरलेलं कुंकू त्यात तळाला, दोन-तीन टिळ्यांपुरतं उरलं होतं. वरून भर घातली न्हाई.

आमचा धंदा टाकांचा. ज्यांच्या देव्हाऱ्यात टाक न्हाईत त्यांच्यासाठी सांगतो. तळहातात मावंल एवढा चांदीचा पत्रा, त्यावर देव उठवलेला असतो. आन घरातल्या गेलेल्या माणसांचाबी टाक करत्यात. बाप्या गेला तर घोड्यावरचा वीर, सवाशीण गेली तर हात जोडून उभी बाई. वर्ष भरलं की टाक देवात बसतो आन ते माणूस घरला आलं असं धरायचं. तोवर ते वाटंवर असतं.

म्हणून ती गेल्यापासून म्या दाराला कडी लावली न्हाई. दार नुसतं लोटून घ्यायचो. भोरात आता अशी दारं कोण उघडी टाकतंय? शेजारचा म्हणला, "आण्णा, चोर येतील." म्हणलं, "येऊ दे. आलेल्या माणसाला दार मिळंल."

पण वर्ष भरत आलं आन टाक काय झाला न्हाई. विंझरचा माझा मेव्हणा, तिचा धाकटा भाऊ, दर बाजाराला दुकानात येऊन बसायचा. टोपी काढून गुडघ्यावर ठेवायचा आन तेच विचारायचा.

"दाजी, साऱ्या मावळाचे टाक ठोकले तुमी. माझ्या बहिणीचा बाजारातनं आणायचा का आता?"

"करीन की. घाई काय हाय."

"घाई मला न्हाई. तिला आसंल. किती दिवस उभी करायची रस्त्यावर?"

हातोडी उचलायची आन खाली ठेवायची, असं चाललं होतं माझं.

आमचा हंगाम भातं झोडून झाल्यावरचा. वेल्ह्याकडं तवा गावागावात पेंढ्याचा वास सुटलेला असायचा, ओलसर, गोड. पहाटंच्या एस्टीत थंडीनं खिडक्या गच्च लावलेल्या, आत बिडीचा धूर, आन तिच्या मांडीवर फडक्यात गुंडाळलेला पितळी ठसा. लई जड. पण तो ती कुणाच्या हातात द्यायची न्हाई. कंडक्टर ओळखीचा झालेला. दर साली तोच इनोद.

"मावशी, पोराला कितवं लागलं? तिकीट लागतंय का?"

"दात न्हाई आलं अजून त्याला. तुमी आपलं पुढं व्हा."

बाजाराच्या दिवशी वेल्ह्यात चिंचंखाली बसायचं. बाकीच्या दिवशी जिथनं सांगावा आला त्या गावात, त्या घराच्या ओसरीवर. मी शेगडीवर राळ तापवायला ठेवायचो, पत्रा तिच्यात बसवून छिन्नी चालवायला. राळ पातळ झाली की तेला-धुराचा एक वास सुटतो. आजबी कुठं डांबर टाकत असले तरी मला त्या ओसऱ्या दिसतात. कोंबड्या पायात यायच्या. आतनं भाकरी थापल्याचा आवाज. आन ज्या घरात माणूस गेलंय त्या घराचं एक गप्पपण असतं, ते.

काम अवघड न्हाई. ठशावर पत्रा ठेवायचा, पत्र्यावर शिशाची वडी, आन वर घणाचा घाव. शिसं पत्र्याला ठशात दाबतं, बाई उठून येते. एकच बाई. ठसा माझ्या आज्ज्याचा. डोंगरातली असू दे का भाटघरची, सगळ्या मेलेल्या बायका एका तोंडाच्या. तेच डोळे, तेच नाक, कपाळ गुळगुळीत.

घरच्यांना ते कुठं पटतंय? एका म्हातारीनं माझा हात धरला होता. "नाक जरा सरळ काढा बाबा. आमच्या सुनंचं नाक लई सरळ व्हतं."

"आजी, ठसा एकच हाय. नाकाचं ठशाला विचारा."

मागनं आमची ही. "अवं गप बसा. तोंड हाय का घण? आजी, तुमी मला सांगा. काय करायची वं सून? जीव कशात व्हता तिचा?"

मग म्हातारी सांगत बसायची. पत्रा तसाच पडून ऱ्हायचा, राळ थंड व्हायची, माझा जीव खाली-वर. ही आपली गुडघ्याला मिठी मारून ऐकतीय. कोण म्हशीशी बोलायची, कोण सीताफळाच्या बिया साठवायची. सगळं ऐकून झालं की माझ्याकडं वळायची. "हितं कानामागं एक टिपका द्या. फूल माळायची म्हणं." नायतर, "पायाशी करडू काढा. तिनं मांडीवर घिऊन वाढवल्यालं."

"करडू? एवढ्याशा पत्र्यावर?"

"काढा हो. मोर काढत्याती की माणसं."

मी छिन्नीनं एक वाकडा ओरखडा द्यायचो. त्याला करडू कोण म्हणंल? पण ती टाक त्या घरच्यांच्या हातात द्यायची आन म्हणायची, "हे बघा, करडू." ती माणसं बघायची. बघताना त्यांची तोंडं कशी व्हायची, ते मी सांगू शकत न्हाई.

टाक द्यायच्या आधी पहिलं कुंकू आमच्या हिचं. सवाशिणीच्या टाकाला सवाशिणीचं बोट. करंडा कनवटीतनं काढायचा, करंगळीशेजारचं बोट बुडवायचं, पत्र्यातल्या बाईच्या कपाळाला टेकवायचं आन हळूच म्हणायचं, "ये गं बाई, घरला ये." गेलेली कोण, कुठली, तिला ठावं नसायचं. पण असं म्हणायची की आतली बाई खरंच उंबऱ्याशी येऊन थांबल्यागत वाटायचं.

एकदा उन्हाळ्यात भाटघरच्या धरणाचं पाणी लई उतरलं, बुडालेलं जुनं देऊळ वर आलं. एका घरानं आमाला तिथंच बोलावलं. त्यांची आई त्या बुडालेल्या गावची. टाक तिच्या गावाला भेटवायचा म्हणाले. भेगाळलेल्या गाळातनं चालत गेलो. मासळीचा, शेवाळाचा वास. देवळाचे दगड अजून ओले. हिनं टाकाला कुंकू लावलं, मग खाली वाकून त्या ओल्या दगडालाबी लावलं. ते लगेच ओघळलं. त्या रात्री भात करपला.

बाकी साल ती मण्यांचं काम करायची. पोत ओवायची. मागच्या खोलीत खिडकीशी तिचं पोतं घातलेलं असायचं, अजून हाय. सुईत दोरा ओवताना दोन्ही भुवयांच्या मधी तिला एक उभी आठी पडायची. सुरुवातीला ओवतानाच पडायची, मग वय वाढलं तशी कायमची झाली. सकाळी गोल लावलेलं कुंकू दुपारपर्यंत त्या आठीवर मधनं दुभंगायचं. दोन अर्धी कुंकवं. मी चिडवायचो, "वैशूचे आई, एका नवऱ्याला दोन कुंकवं कशाला?" ती म्हणायची, "एक ह्या नवऱ्यासाठी, एक बरा मिळंल त्याच्यासाठी."

आजाराचं सांगत बसत न्हाई. दवाखान्यात वास फिनेलचा होता आन शेजारच्या खाटंवर एक बाई सारखी पाणी मागायची. हिला दुखलं की आठी खोल जायची, दुखायचं थांबलं की वर यायची. मी आठीकडं बघत बसायचो. बाकी काय कळत नव्हतं मला, नळ्या, आकडे. एका सकाळी आठी गेली. आख्खं कपाळ सपाट, पाटीसारखं. डॉक्टरनं नंतर सांगितलं, मला आधीच कळलं होतं. बायकांनी शेवटचं कुंकू लावलं ते पार गोल बसलं. तसं गोल म्या ते लग्नातच बघितलं होतं.

टाक का होईना, ते आता तुमच्या ध्यानात आलं आसंल. ठशावर पत्रा ठेवला, एक घाव घातला, उचलून बघितलं. तेच सपाट कपाळ. दवाखान्यातलं. म्या पत्रा मुठीत चुरगाळला आन मुशीत टाकला. परत ठोकला. परत तीच.

वैशू, माझी एकुलती एक लेक, पुण्यात चांदीचे दागिने घडवते. नव्या तऱ्हेचे, शहरातल्या बायका घालतात तसले. नवं काही सुचावं म्हणून मधनं मधनं परदेशात जाऊन गावं बघून येते. मी जेवत नव्हतो, तर मला एकट्याला सोडून जायला तयार होईना.

"आण्णा, पासपोर्टचा फोटो काढायचाय. चला."

"फोटो कशाला? भिंतीवर लावायला?"

"वेळ आली की लावीन. आत्ता दाढी करा."

आईवर गेलीय.

गाव अथेन्स, ग्रीस देशातलं. रस्त्याच्या कडंला संत्र्याची झाडं, फळांनी लदबदलेली, खाली सडा पडलेला, आन खात कुणी न्हाई. मी एक सोललं. कडूजहर. फरशा झिजून गुळगुळीत झालेल्या, पाय घसरायचा. तिळाचं कडं विकणारा माणूस आमच्या बाजारातल्या बांगडीवाल्यासारखा ओरडायचा. वैशू दारं, जाळ्या, कुलपं, सगळ्याचे फोटो काढायची. मला प्रत्येक गोष्ट बघून वाटायचं, आमच्या हिला दाखवली असती तर काय म्हणली असती.

म्युझियममधी एका काचेपाशी वैशूनं मला ओढत नेलं. "आण्णा, हे बघा. हजारो वर्षांपूर्वीचे मुखवटे. मेलेल्या राजांच्या तोंडावर ठेवायचे."

सोन्याचा पत्रा, ठोकून उठवलेली तोंडं. दाढी, मिशी, मिटलेले डोळे. मी काचेला नाक लावून उभा ऱ्हायलो.

"म्हंजी हे आपल्याच धंद्यातले."

"तेच म्हणतेय! मला यातनं कानातलं सुचतंय."

"मढ्याचं तोंड कानात कोण घालणार?"

"पुण्यात घालतात, आण्णा."

तितनं बाहेर आलो ते डोक्यात तेच घेऊन, की या मुलखातबी मेलेल्याचा पत्रा ठोकतात. दुपारी त्यांच्या एका बारक्या देवळात शिरलो, चर्चच ते. दगडी, बुटकं, दोन उंच बिल्डिंगांच्या मधी दबून बसलेलं. आत मेणाचा आन उदाचा वास, वाळूत खोचलेल्या काडीएवढ्या मेणबत्त्या. देवाच्या चित्राखाली एक दांडी, आन दांडीवर रिबिनींनी टांगलेले चांदीचे पातळ पत्रे. कशावर डोळे, कशावर पाय, आन तीन-चारांवर हात जोडून उभी बाई.

तीच की. आज्ज्याच्या ठशातली. अंगावर कपडे निराळे, कपाळ तेच, सपाट.

वाटलं, या गावाचे टाक हे. गेलेल्या सवाशिणी, आन एकीच्याही कपाळाला काय न्हाई. वैशू बाहेर फोनवर बोलत होती. म्या खिशातनं करंडा काढला. बोट बुडवलं. सगळ्यात कडंच्या बाईच्या कपाळाला टेकवलं आन माझ्या तोंडून निघून गेलं, "ये गं बाई, घरला ये."

झाडणारा माणूस ओरडत आला. हातातला झाडू तसाच. त्याची भाषा मला कळंना, मी हात जोडले. वैशू धावत आली, त्याच्याशी इंग्रजीत बोलली, माफी मागितली. मग तिनं मला बाहेरच्या पायरीवर बसवलं.

"आण्णा, ते टाक न्हाईत. आजारी माणसांसाठी टांगतात. ज्याचे डोळे दुखतात त्याच्यासाठी डोळे. बरं वाटू दे म्हणून."

"आन ती बाई?"

"असंल कुणाच्या घरातली. आजारी असंल."

"जित्ती?"

"हो, आण्णा. जित्ती."

जित्या बाईला म्या घरला बोलावलं. बोलवायचं ते कुणाला, हे आमच्या धंद्यात पोरालाबी कळतं.

शेजारीच त्या पत्र्यांचं दुकान होतं. काळ्या कपड्यातली म्हातारी बसलेली. विधवा आसंल, ते कळायला भाषा लागत न्हाई. मी पत्र्यांकडं बघतोय म्हणल्यावर तिनं खण ओढला. आत कप्पेच कप्पे. ती स्वतःच्या डोळ्याला हात लावून माझ्याकडं बघायची, मग गुडघ्याला, मग छातीला. कुठं दुखतंय, असं विचारत होती. म्या पोटाला हात लावला, आमच्या हिचं दुखणं तिथलं. तिनं पोटाचा पत्रा शोधायला घेतला. तवा मी मान हलवली, डोळे मिटले, दोन्ही तळहात वर केले.

तिला कळलं. तिनं खण हळूच आत लोटला. त्यात प्रत्येक दुखण्याचा पत्रा होता, गेलेल्याचा एकबी न्हाई. तिनं बोटानं मेणबत्त्या दाखवल्या, गेलेल्यासाठी तेवढंच. देव सोडले तर आमच्या दुकानात तेवढाच एक कप्पा, गेलेल्यांचा. जित्या माणसाचा पत्रा माझ्या हातून जन्मात झाला न्हाई. कुणी मागितलाच न्हाई.

दुसऱ्या दिवशी वैशूला जुना बाजार बघायचा होता. मी म्हणलं, "आधी तितं."

"आण्णा, तो माणूस परत ओरडेल."

"ओरडू दे."

पत्रा तिथंच होता. कुंकू तसंच, वाळून काळपट झालेलं. मी शर्टाची बाही ओढून घासायला लागलो. झाडणाऱ्यानं येऊन बघितलं. आतनं एक ओलं फडकं आणून दिलं. कपाळावरचं निघालं. डोक्यावरच्या पदराच्या घडीत, जिथं ठशाची खाच होती, तितलं काय निघंना.

मी तिच्या कानाशी तोंड नेलं. म्हणलं, "तुला न्हाई गं बाई बोलावलं. चुकलं. तू तुझ्या घरी ऱ्हा. बरी हो."

वैशू दाराशी उभी होती. तिनं त्या वेळी फोटो काढला न्हाई.

परतीच्या विमानात तिनं विचारलं, "आण्णा, तुम्हाला काय सुचलं?" तिच्या मोबाईलमधी शेकडो फोटो होते.

"काय न्हाई," म्हणलं. पण डोळ्यापुढनं तो खण हलत नव्हता. जिथं दुखतंय तेवढंच काढलं होतं त्या लोकांनी.

भोरला आल्या आल्या मागच्या खोलीत बसलो. ठसा, पत्रा, शिसं, घाव. तीच उठली, सपाट कपाळाची. या बारीला चुरगाळली न्हाई. राळ तापवली, पत्रा राळेत बसवला, निवू दिला. सगळ्यात बारीक छिन्नी घेतली. दोन्ही भुवयांच्या मधी एक उभा घाव दिला, हलकाच. मग अजून एक, त्याच खाचेत, जरा खोल.

रिठ्याच्या पाण्यानं धुतला. फेसातनं ती वर आली.

वैशू मागनं वाकून बघत होती. "आण्णा, देवात बसायचाय ना टाक? आई चिडल्यासारखी दिसतेय."

"चिडली न्हाई. सुई ओवतीय."

वैशू तिथंच पोत्यावर बसली, आईच्या जागेवर, आन लई वेळ रडली.

वर्षाच्या दिवशी मेव्हणा विंझरवरनं आला. टाक हातात घेऊन उजेडाला धरला. "दाजी, हे काय? सवाशीण हसरी पायजे. कपाळ साफ पायजे. आख्ख्या मावळात असा टाक न्हाई."

"तुझी बहीण हाय का न्हाई, तेवढं सांग."

त्यानं टोपी काढली. लहानपणी त्याच्या चड्डीची बटणं हीच शिवायची, दाताखाली दोरा धरून.

"हाय," म्हणला.

पहिलं कुंकू लावायला सवाशीण पायजे होती. वैशू सवाशीण, तिनं हात पुढं केला. म्या म्हणलं, "थांब." रीत मोडली आसंल. करंडा उघडला. तळाला चांदी दिसत होती, एका बोटापुरतं कुंकू उरलं होतं. खरवडून घेतलं. कपाळाला टेकवलं. साऱ्या मुलखाच्या बायकांना तिनं घरला बोलावलं, तिला बोलवायची पाळी माझ्यावर आली. हात आपोआप बाहीकडं गेला. पुसून टाकावं, म्हणावं चुकलं, तुला न्हाई बोलावलं, बरी हो.

वैशूनं मनगट धरलं. "ऱ्हाऊ द्या, आण्णा."

मग म्हणलो. हळूच म्हणलो, "ये गं, घरला ये." बाई म्हणलो न्हाई.

जेवणं झाली, माणसं गेली. तिन्हीसांजेला देव्हाऱ्यात दिवा लावायला वाकलो तर कुंकू वाळलं होतं. आठीच्या खाचेवर मधनं दुभंगलेलं. दोन अर्धी कुंकवं.

आता वाटंवर कुणी न्हाई. उठलो आन दाराला कडी लावली.